मुलाचं नाव आणि टोपणनाव: हाकेपासून जन्मदाखल्यापर्यंत

मुलाचं नाव शोधताना बहुतेक घरांत एक गोष्ट उलटी होते. आधी अर्थ वाचला जातो, मग स्पेलिंग पाहिलं जातं आणि नाव मोठ्याने उच्चारायची वेळ थेट बारशाच्या दिवशी येते. खरं तर नाव ही सर्वांत आधी ऐकायची गोष्ट आहे. मुलगा ते वाचायला शिकेल त्याआधी कितीतरी वर्षं ते त्याच्या कानावर पडणार असतं. माझं सांगणं एवढंच की नाव कानाने निवडा, कोशाने तपासा आणि कागदावर जपून उतरवा. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने आहेत.

आधी वेळ किती आहे ते समजून घ्या

बाळ येण्याआधी मुलगा की मुलगी हे आपल्याकडे कळत नाही आणि कळूही नये. 1994 च्या कायद्याने गर्भलिंगनिदानावर बंदी आहे. त्यामुळे दोन याद्या कराव्या लागतात. मुलाची यादी सातव्या महिन्याच्या सुमारास सुरू करा, पण ती पक्की करू नका. बाळाचा चेहरा पाहिल्यावर यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात आणि ते चांगलंच आहे.

बाराव्या दिवशी बारसं व्हायलाच हवं, म्हणून घाईत नाव ठरवलं जातं. बारसं पुढे ढकलता येतं. अनेक घरांत ते सव्वा महिन्यानंतर होतं. कायद्याचीही घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, मात्र त्या नोंदीत बाळाचं नाव नसलं तरी चालतं. नोंदणीनंतर 12 महिन्यांच्या आत नाव दिलं तर विलंब शुल्क लागत नाही आणि त्यापुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून ते घालता येतं. इतका उशीर कुणी करू नये, पण रुग्णालयाच्या काउंटरवर कुणीतरी फॉर्म पुढे सरकवला म्हणून मनात नसलेलं नाव लिहून मोकळं होण्याचं कारण नाही.

पत्रिकेचं अक्षर: पाळायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा

हा निर्णय शेवटाला ठेवला की घरात वाद होतात. तुम्ही चार महिने 'मल्हार' मनात धरून बसता आणि बारशाच्या आदल्या दिवशी कुणीतरी पंचांग उघडून सांगतं की अक्षर 'थ' आलंय.

ही पद्धत अशी चालते. नक्षत्रं 27, प्रत्येकाचे चरण 4, म्हणजे एकूण 108 चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण सुमारे सहा तासांचा. त्यामुळे जन्मवेळ नीट माहीत नसेल तर अक्षरही नक्की सांगता येत नाही. काही चरणांची अक्षरं तर नावाला वापरताच येत नाहीत: आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ. अशा वेळी जवळचं अक्षर घ्यायची रीत आहे. म्हणजे शास्त्र पाळणारेही इथे सवड काढतातच.

ज्यांना अक्षर पाळायचंय त्यांनी जरूर पाळावं. ज्यांना अडचण वाटते त्यांच्यासाठी परंपरेतच वाट आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. नामकरणाच्या विधीत बाळाला एकच नाव देत नाहीत. देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यावहारिक नाव अशी चार नावं दिली जातात. पत्रिकेचं अक्षर नक्षत्रनावाला लागू होतं. ते नाव पत्रिकेत आणि संकल्पात वापरायचं असतं. रोज हाक मारायचं आणि दाखल्यावर लिहायचं ते व्यावहारिक नाव, ते मोकळेपणाने ठरवता येतं. आजीला कुलदैवताचं नाव हवं असेल तर ते देवतानाव म्हणून बाळाच्या कानात सांगा. तिचा मान राहतो आणि तिला हवं असलेलं नाव खरोखर बाळाचं होतं.

पारस्कर गृह्यसूत्रातला एक नियम इथे सांगण्यासारखा आहे. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं, त्याची सुरुवात घोष व्यंजनाने व्हावी (ग, ज, द, ब, भ यांसारखं) आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी काहीतरी यावं. नियम म्हणून तो आज कुणी पाळत नाही. पण अक्षरांची संख्या बाजूला ठेवा आणि त्यातल्या ध्वनींसाठी 'देव', 'गौरव', 'माधव', 'भार्गव' ही नावं उच्चारून पाहा. लांबून हाक मारली तरी ती विरून जात नाहीत. ज्यांनी तो नियम केला, त्यांनीही नाव कानानेच पारखलं असावं असं मला वाटतं.

यादी कुठून आणायची

इंटरनेटवरच्या 'अ पासून ज्ञ पर्यंत' याद्या सर्वांत शेवटी उघडा. आधी उघडल्या की सगळ्या घरांत तीच दहा नावं पोहोचतात आणि मग शाळेत एका वर्गात तीन अथर्व होतात. बाई त्यांना आडनावाने किंवा आद्याक्षराने ओळखायला लागतात आणि हौसेने ठेवलेलं नाव वर्गात कुणी घेतच नाही. तुमच्या भागात सध्या कोणतं नाव फार चाललंय हे शोधायचं असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात अर्धा तास बसा. आतून पुकारली जाणारी नावं कोणत्याही यादीपेक्षा खरं सांगतात.

पहिला शोध घरात घ्या. दोन्हीकडच्या, म्हणजे आईच्याही माहेरच्या, तीन-चार पिढ्यांची नावं वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. सोपान, निवृत्ती, विठ्ठल, येसाजी, कान्होजी, सावता अशी नावं निघतील. काही आज जड वाटतील, काही अचानक ताजी वाटतील. या शोधात धोंडू, दगडू, भिकाजी, केरबा ही नावंही भेटतील. आधीची मुलं दगावलेल्या आईबापांनी, या बाळाला दृष्ट लागू नये, ते जगावं, म्हणून मुद्दाम अशी नावं ठेवली आहेत. ती वाचून हसू नका. ती पुढे चालवायची गरज नाही, पण आपल्या मुलाला पणजोबांच्या नावामागची ही गोष्ट मोठेपणी जरूर सांगा.

मग आवडीच्या विषयाकडे वळा. घरात गाणं असेल तर रागांच्या नावांत केदार, सारंग, मल्हार, हिंदोल आहेत. मल्हार म्हटलं की आपल्याकडे खंडोबाही आठवतो, म्हणून ते नाव दोन्ही अंगांनी आपलं वाटतं. झाडांत मंदार, बकुल. चंद्राची मृगांक, शशांक. पाण्याची अर्णव, पुष्कर, नीरज. बौद्ध घरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद आहेतच. शिवाय सम्यक, सुमेध, तथागत, बोधी, मिलिंद. मिलिंद हे बौद्ध परंपरेत नागसेनाशी संवाद करणाऱ्या ग्रीक राजाचं नाव आणि संस्कृतात त्याचा अर्थ भुंगा. आंतरधर्मीय घरांना समीरसारखी नावं सोयीची पडतात: संस्कृतात समीर म्हणजे वारा, अरबीत रात्री गप्पा मारत सोबत करणारा.

आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलांची नावं मला फार जवळची आहेत. पार्थ म्हणजे पृथेचा, म्हणजे कुंतीचा मुलगा. सौमित्र हा सुमित्रेचा, आंजनेय अंजनीचा, राधेय राधेचा, कार्तिकेय कृत्तिकांचा. महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ते वाचल्यावर ही जुनी नावं पुन्हा आठवली.

अर्थ तपासा, वाचलेला अर्थ खरा मानू नका

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. याद्यांमधले अर्थ कुणीतरी कुठून तरी उतरवलेले असतात आणि चुकीचा अर्थ शंभर ठिकाणी छापला गेला तरी तो चुकीचाच राहतो.

'आरव' घ्या. अनेक याद्यांत अर्थ 'शांत' असा दिलेला असतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. अर्थ नेमका उलटा आहे. नाव तरीही सुंदर आहे आणि बाळाला तर ते शोभतंच. फक्त कुणी विचारलं तर 'शांत' सांगू नका. 'अनय' हे नय, म्हणजे नीती, याच्या आधी नकार लावून झालेलं. कोशात अर्थ अनीती किंवा दुर्दैव असा मिळतो. 'रेयांश'चा अर्थ प्रकाशाचा अंश असा सांगतात. त्यातला 'अंश' खरा आहे, पण 'रेय' या शब्दाला प्रकाश हा अर्थ संस्कृत कोशात सापडत नाही. 'कियान' फारसीत राजांशी जोडलेलं आहे आणि संस्कृतात 'कियान्' म्हणजे 'केवढा'. 'रुद्र' कुणाला केवळ उग्र वाटतं, पण परंपरेने त्याची व्युत्पत्ती रुद्, म्हणजे रडणे, या धातूपासून सांगितली आहे.

म्हणून यातली नावं ठेवूच नयेत का? नाही, तसं नाही. ज्याला ध्वनी आवडला त्याने कियान खुशाल ठेवावं. पण 'देवाची कृपा' असा अर्थ आमंत्रणपत्रिकेवर छापण्याआधी वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश उघडून पाहावा. तो आता इंटरनेटवर मोफत शोधता येतो. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा जुना कोशही तसाच मिळतो. नाव जसंच्या तसं सापडलं नाही तर ते फोडून पाहा: 'शिवांश' फोडलं तर शिव आणि अंश दोन्ही मिळतात, तिथे शंका उरत नाही. फोडूनही काहीच सापडत नसेल तर ते नवं बनवलेलं नाव आहे असं समजा आणि ध्वनीसाठी ठेवायचं की नाही ते ठरवा.

अर्थाबरोबर लेखनही इथेच पक्कं करा. 'ऋषिकेश' असं सर्रास लिहिलं जातं. मूळ नाव हृषीकेश, म्हणजे हृषीकांचा, इंद्रियांचा ईश. दोन्हीपैकी काहीही ठेवा, पण ठरवून ठेवा. मराठी लेखनाच्या नियमानुसार व्यक्तिनावाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: रवी, हरी, शंतनू. हिंदी पद्धतीच्या यादीतून घेतलेलं 'रवि' दाखल्यावर आलं तर मुलाच्या मराठीच्या वहीतलं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं पडेल.

आता नाव तोंडात घोळवा

यादी पाच-सहा नावांवर आली की हा टप्पा घ्या. यासाठी कागद नको, घर हवं.

पहिल्यांदा हाक मारून पाहा. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत, मग खाली मैदानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. 'ओम', 'केदार', 'मल्हार' यांत स्वर लांबवायला जागा आहे. 'रुद्र', 'पार्थ', 'श्लोक' यांची हाक तुटक येते. रुद्र तर लांबवताना 'रुद्राऽऽ' होतो. तो तुमच्या कानाला चालतो का ते पाहा. पुढे हीच हाक रागाने, काळजीने, झोपेतून उठवताना, गर्दीत हरवल्यावरही मारायची आहे. प्रत्येक सुरात म्हणून पाहा.

मग विभक्ती लावा. मराठीत नाव सुटं फार वेळा येत नाही, त्याला सारखं काहीतरी चिकटतं. 'न'ने संपणाऱ्या नावाला 'ने' लागला की विहानने, निरंजनने असे दोन न येतात. 'ल'ने संपणाऱ्याला 'ला' लागला की मुकुलला, कपिलला. 'च'ने संपणाऱ्याचं 'दधीचचा डबा' होतं. हे नाव बाद करायचं कारण नव्हे. पण दिवसाकाठी पन्नास वेळा हेच म्हणायचं असेल तर आधी ऐकलेलं बरं.

तिसरं, पूर्ण नाव सलग म्हणा. आता नावात चार शब्द आहेत, त्यामुळे जोडाची ठिकाणंही तीन झाली. नावाच्या शेवटी आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला तोच ध्वनी आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात: 'ओंकार कारखानीस' भराभर म्हणून पाहा, 'निनाद दळवी' म्हणून पाहा. आईच्या नावाशी होणारा जोड लोक तपासत नाहीत, कारण जुन्या सवयीने ते वडिलांचंच नाव जोडून बघतात. लांब आडनाव असेल तर छोटं नाव शोभतं, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. 'घोरपडे' किंवा 'सहस्रबुद्धे' याच्या आधी 'हर्षवर्धन' आलं की फॉर्मचे चौकोन संपतात.

चौथं, भावंडांचा विचार. थोरला अर्णव आणि धाकटा अथर्व असेल तर आईवडील तेच, आडनाव तेच आणि आद्याक्षरही तेच. औषधाच्या चिठ्ठीपासून बँकेच्या पत्रापर्यंत गोंधळ होतो. जुळ्यांना तर एका अक्षराची नावं देऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. यमक जुळवायची हौस आपली असते. आयुष्यभर एकाऐवजी दुसऱ्याच्या नावाला 'ओ' द्यावं लागतं ते त्या मुलांना.

आणि मूल स्वतः ते नाव कसं म्हणेल? 'र' हा लहान मुलांना उशिरा जमणाऱ्या ध्वनींपैकी आहे, जोडाक्षरंही तशीच. श्रेयस, रुद्र, हृषीकेश ही नावं घरातला चिमुकला बरीच वर्षं वेगळ्याच पद्धतीने सांगेल. ते गोड असतं, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. मात्र त्याच बोबड्या उच्चारातून बऱ्याचदा टोपणनाव जन्म घेतं.

टोपणनाव हाही निर्णयच आहे

टोपणनाव ठरवलं नाही तर ते येत नाही असं होत नाही. ते येतंच, फक्त दुसरं कुणीतरी ठरवतं. म्हणून मूळ नावाइतकाच विचार इथे करा.

आपल्याकडे घरातलं नाव वेगळं असण्यामागे एक जुनं कारण आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही हीही पद्धत होती. मग आईने मुलाला हाक कशी मारायची? बाळ, बापू, आबा, तात्या, अण्णा, नाना म्हणून. यातली कित्येक नावं माणसाला आयुष्यभर चिकटली. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी, तात्या टोपे यांचं रामचंद्र. लोकमान्य टिळकांचं मूळ नाव केशव. जगाने ओळखलं ते 'बाळ' या घरच्या हाकेने. बाबा आमटे यांचं नाव मुरलीधर, आणि 'बाबा' ही लहानपणी घरच्यांनीच मारलेली हाक. म्हणजे टोपणनाव ठेवताना ते सत्तर वर्षांच्या माणसालाही शोभेल का, एवढा प्रश्न विचारावाच. 'बाळ' शोभतं. 'बाबा' शोभतं. 'पिंट्या'चा पिंट्याकाका होतो आणि तोही गोड लागतो. 'गोलू' मात्र तिशीतल्या उंच, सडपातळ माणसाला कानकोंडं करतं.

मराठीत टोपणनाव दोन साच्यांत तयार होतं. घरचे 'ऊ' लावतात: विजू, राजू, अभू, सिद्धू, हर्षू. मित्र 'या' लावतात: पक्या, सच्या, विन्या, अभ्या, सिद्ध्या. पहिला साचा लाडाचा, दुसरा बरोबरीचा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावाला हे दोन्ही प्रत्यय लावून बघा, कारण शाळेत कुणीतरी ते करणारच आहे. त्यातून एखादा विचित्र किंवा लागट शब्द तयार होत असेल तर आत्ताच कळू द्या. या कामाला घरातल्या आठ-दहा वर्षांच्या भाच्याला किंवा पुतण्याला बसवा. त्याच्याइतका अचूक निकाल मोठी माणसं देऊ शकत नाहीत.

मूळ नावातून निघालेलं टोपणनाव मला जास्त आवडतं. मल्हारचा मल्हू, अद्वैतचा अद्दू, कौस्तुभचा कौस्तू. त्यात मुलाचं खरं नाव जिवंत राहतं आणि मोठा झाल्यावर त्याला पूर्ण नावावर यायचं असेल तर उडी लांब पडत नाही. वेगळंच नाव ठेवायचं असेल तर ते दोन अक्षरी आणि स्वराने संपणारं ठेवा. लहान बाळ अशा हाकेला लवकर वळतं आणि स्वतःही लवकर म्हणू लागतं.

काही नावं मात्र टाळाच. रंगावरून, अंगावरून, उंचीवरून ठेवलेली: काळू, जाड्या, ढब्बू, बुटक्या. लाडाने म्हटलं तरी ते वर्णन आहे आणि मूल ते वर्णन म्हणूनच ऐकतं. 'छोटू' दिसायला निरुपद्रवी आहे, पण धाकट्याला कायम धाकटंच ठेवतं. 'दादा' हेही सांभाळून वापरा. धाकटं भावंड आलं की पाच वर्षांच्या मुलाला सगळं घर दादा म्हणू लागतं, आईवडीलसुद्धा. आणि मग त्याला त्याच्या नावाने हाक मारणारं घरात कुणी उरत नाही. निदान आईवडिलांनी तरी नाव घेत राहावं.

मूल सात-आठ वर्षांचं झालं की ते एक दिवस म्हणेल, 'माझ्या मित्रांसमोर मला सोनू म्हणू नका.' त्या दिवसापासून म्हणायचं नाही. घरात, दार बंद असताना, त्याला चालत असेल तर चालू ठेवा.

शेवटची तीन नावं: वापरून पाहा

बाळ घरी आल्यावर तिन्ही नावं आळीपाळीने दोन-तीन दिवस वापरा. अंघोळ घालताना, झोपवताना, फोनवर बोलताना. एक नाव तोंडात आपोआप येऊ लागतं, एक आठवावं लागतं. आठवावं लागणारं सोडून द्या.

कोणाचं ऐकायचं? सगळ्यांचं ऐका, निर्णय आईवडिलांचा ठेवा आणि दोघांपैकी एकाला जरी मनापासून नको असेल तर ते नाव बाद. ज्याने सुचवलेलं नाव घेतलं नाही त्याला तसं आधी सांगा. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. ते तिला त्याच क्षणी चिठ्ठीवर वाचायला लावण्यापेक्षा दोन दिवस आधी फोन करून सांगितलं तर तिलाही ते प्रेमाने घेता येतं.

कागदावर उतरवताना

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचं महत्त्व फार वाढलं आहे. शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहनपरवाना, मतदारनोंदणी अशा कामांत जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला हाच दाखला धरला जातो. म्हणून इंग्रजी स्पेलिंग इथे एकदाच, विचार करून ठरवा.

आपल्या नावांत अडचणीची ठिकाणं ठरलेली आहेत. 'अथर्व', 'शौर्य', 'पार्थ' यांच्या शेवटी ए लावायचा का? लावला तर राज्याबाहेर 'अथर्वा' होतं, नाही लावला तर 'अथर्व्' असं तुटतं. मी 'अथर्व', 'रुद्र' यांना ए लावीन; 'पार्थ'ला नाही. 'ज्ञ'साठी आपण डी-एन-वाय लिहितो, उत्तरेत जी-वाय लिहितात; ज्ञानेश या नावाचा मराठी उच्चार टिकवायचा तर डी-एन-वाय. 'ऋ'साठी आर-यू लिहिलं की ऋग्वेद मराठी वळणाने वाचला जातो, आर-आय लिहिलं की हिंदी वळणाने. 'व'साठी व्ही की डब्ल्यू, 'आ'साठी एक ए की दोन, हेही आत्ताच. अंकशास्त्रासाठी एखादं अक्षर वाढवायचं असेल तर तेही दाखल्याआधी करा. नंतर केलेला बदल प्रत्येक कागदावर राजपत्राची प्रत जोडत निस्तरावा लागतो.

रुग्णालयातून निघताना बाळाच्या कागदांवर सहसा आईच्या नावाआधी 'बेबी ऑफ' लिहिलेलं असतं. लसीकरणाच्या कार्डावर नाव घालायची घाई करू नका आणि टोपणनाव तर अजिबात घालू नका. नाव पक्कं झालं की ते देवनागरीत आणि इंग्रजीत मोठ्या, सुट्या अक्षरांत एका कागदावर लिहा, खाली आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव त्यांच्या आधारवर आहे तसंच लिहा आणि तोच कागद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात फॉर्मबरोबर द्या. तोंडी सांगू नका. अनिश आणि अनीश हे ऐकताना सारखेच वाटतात. दाखला हातात आला की खिडकीपाशीच वाचा: ऱ्हस्व-दीर्घ, नावांचा क्रम, स्पेलिंग, जन्मतारीख. चूक दिसली तर लगेच अर्ज करा. नोंदणी कायद्याच्या 15 व्या कलमाखाली निबंधकाला नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आहे आणि आधार, शाळा, पासपोर्ट यांपैकी काहीही निघण्याआधी ती दुरुस्ती सर्वांत सोपी असते.